करंटवाली टॉर्च : कुत्र्यांसाठी पास, माणसासाठी नापास

ज्यांना नुसता निकाल पाहिजे त्यांच्यासाठी आधीच लिहून टाकतो. नागपूरच्या बर्डीच्या बाजारात, ऑनलाइन, आणि हल्ली तर मोबाइल कव्हरच्या टपरीवरही मिळणारी ही 'सेल्फ डिफेन्स' करंटवाली टॉर्च उजेडासाठी ठीक आहे, कुत्र्यांसाठी चांगली आहे, आणि अंगावर आलेल्या माणसासमोर हिच्या भरवशावर राहू नये. दहापैकी चार मार्क देतो. त्यातले तीन आवाजाचे.

माझं मानेवाडा रोडला इन्व्हर्टर-बॅटरीचं दुकान आहे. सुरुवात मोटर रिवाइंडिंगपासून केली, आता चार्जर, यूपीएस, बॅटऱ्या, जे येईल ते उघडतो. भाची वर्धा रोडवर एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये दुपारच्या पाळीला आहे. रात्री दहा-साडेदहाला ॲक्टिव्हावरून बेसाला घरी जाते. बेसाकडच्या नव्या वस्त्या ज्यांनी पाहिल्या त्यांना सांगायला नको. मेन रोडवर झगमगाट, आत वळलं की अर्ध्या प्लॉटवर घरं, अर्ध्यावर गाजरगवत, आणि खांबावरचा दिवा चालू असला तर नशीब. ताईच्या जिवाला घोर. त्यात तिने व्हॉट्सॲपवर कुठला तरी व्हिडिओ पाहिला. त्यात पोरगी टॉर्च लावते अन् सहा फुटी माणूस धाडकन खाली. झालं, भाची टॉर्च घेऊन दुकानात हजर.

"मामा, आई म्हणून राहिली, एकदा खोलून पाहून दे म्हणे."

किंमत सातशेच्या आतबाहेर. जिथून घेतली त्या दुकानाचं नाव लिहीत नाही. तशी दुकानं गल्लीत ओळीने आहेत आणि माल सगळ्यांकडे एकच आहे. बिल मागितलं तर "याचं बिल नाही राहत मॅडम", गॅरंटी विचारली तर "चालू करून दाखवली ना". वर "एकदा लावली की माणूस पाच मिनिटं उठत नाही" हे तोंडी आश्वासन फुकट. खोक्यावर इंग्रजीत मोठ्या अक्षरांत 'पोलीस' आणि त्याखाली '80 लाख व्होल्ट'. बनवणाऱ्याचं नाव नाही, आयात करणाऱ्याचं नाही, पत्ता नाही, एमआरपी नाही. पाच रुपयांच्या बिस्किटपुड्यावरसुद्धा हे सगळं छापलेलं असतं, कारण 2011 च्या आवेष्टित वस्तू नियमांनी ते सक्तीचं आहे. जीव वाचवायला घेतलेल्या वस्तूवर मात्र कोणीच नाव लावायला तयार नाही. माझ्या हिशोबाने निम्मं परीक्षण इथेच संपतं.

आता त्या 80 लाखांचा हिशोब. हा माझा आवडता भाग आहे, कंटाळा आला तर पुढे सरका. कोरड्या हवेतून ठिणगी उडायला मिलिमीटरमागे साधारण 3 हजार व्होल्ट लागतात. टॉर्चच्या तोंडाशी ज्या दोन टोकांमध्ये निळी ठिणगी उडते, त्यांच्यातलं अंतर स्केल लावून मोजलं. 12 मिलिमीटर भरलं. म्हणजे फार तर 36 हजार व्होल्ट, आणि टोकं अणकुचीदार असल्यामुळे प्रत्यक्षात त्याहूनही कमी. व्होल्टेज तिथवर चढलं की ठिणगी उडते, आणि उडाली की व्होल्टेज कोसळतं. त्याच्या वर चढायला त्याला वावच नाही. खरंच 80 लाख असते तर ठिणगी अडीच मीटरच्याही पुढे गेली असती. भाचीने काउंटरपाशी बटण दाबलं असतं अन् रस्त्यावरच्या चहावाल्याचं किटली-स्टँड पेटलं असतं.

मुळात व्होल्टच्या आकड्याला घाबरायचं कारण नाही. हिवाळ्यात स्वेटर काढताना चटचट होतं, तेही हजारो व्होल्टच असतात. माणसावर परिणाम होतो तो एका ठोक्यात किती चार्ज अंगात गेला, सेकंदाला किती ठोके बसले आणि अंगाच्या केवढ्या भागातून करंट फिरला यावर. खोक्यावर यातलं एक अक्षर नाही.

लोकांचा घोटाळा होतो तो टेझरमुळे. परदेशी व्हिडिओत पोलीस पिस्तुलासारखं काहीतरी रोखतात, माणूस लाकडासारखा ताठ होऊन पडतो, आणि आपल्याला वाटतं आपली टॉर्च तेच करणार. टेझर 1974 च्या सुमारास जॅक कव्हर नावाच्या अमेरिकन माणसाने तयार केली. ती दाबलेल्या नायट्रोजनच्या जोरावर दोन हुकवाले बाण फेकते, त्यांना मागे बारीक तारा असतात. तिचं एक्स 26 हे मॉडेल घ्या. उघड्या हवेत 50 हजार व्होल्ट, पण माणसाच्या अंगावर पोहोचतात जेमतेम 1200. सेकंदाला 19 ठोके, एकदा ट्रिगर दाबला की 5 सेकंद. ज्या यंत्राने धडधाकट माणूस आडवा होतो त्याचं अंगावरचं व्होल्टेज 1200, आणि सातशे रुपयांच्या टॉर्चवर 80 लाख. यावरून काय ते समजा.

टेझरची सगळी गंमत त्या दोन बाणांमधल्या अंतरात आहे. ते एकमेकांपासून फूटभर तरी लांब लागले तर मधले मोठे स्नायू आखडतात आणि माणसाचा स्वतःच्या हातापायांवरचा ताबा जातो. एक बाण चुकला किंवा जाड जॅकेटमध्ये अडकला तर पोलिसांची टेझरही फुकट जाते. तीच टेझर बाण न फेकता नुसती अंगाला टेकवली तर ती फक्त दुखवते, पाडत नाही. आपल्या टॉर्चची अंगाला टेकणारी टोकं दोन बोटांच्या अंतरात आहेत. करंट वरच्यावर, कातडीतून आणि चरबीतून या टोकाकडून त्या टोकाला जातो. मोठ्या स्नायूंना त्याची खबर लागत नाही.

हे वाचून कळतं, पण खात्री करावी म्हणून स्वतःच्या मांडीला लावली. आमच्या धंद्यात झटका काही नवीन नाही, तरी कृपा करून कोणी हे घरी करू नका, आणि दुसऱ्याला तर मुळीच लावून पाहू नका. पेसमेकरवाले, हृदयाचा त्रास असलेले, गरोदर बायका यांच्याजवळही नेऊ नका. उघड्या कातडीवर चांगलंच जळजळतं. पाय झटक्यात मागे आला, तोंडातून शिवी गेली, काउंटरवरचा पोऱ्या हसला. दोन लाल ठिपके बरेच तास दिसत होते. पण पाय मीच मागे ओढला होता, आणि तो ओढण्यापासून टॉर्चने मला अडवलं नाही. दुसऱ्या क्षणी मी तिथेच उभा होतो, वर रागावलेलाही होतो. अंगावर आलेला माणूस याहून वेगळं काय करणार? मग जीन्सवरून लावली तर कळ निम्म्यावर आली. डिसेंबरात घालतो त्या जाड जॅकेटवरून लावली तर नुसता आवाज, कारण ठिणगी कापडातून आत शिरण्यापेक्षा दोन टोकांतल्या टोकांत उडते. नागपूरच्या थंडीत रात्री अकराला उघड्या दंडाचा गुंड कुठून आणायचा?

आणि दारू प्यायलेल्याला कळ उशिरा कळते, हे सांगायला डॉक्टर नको, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीच्या मिरवणुकीच्या गर्दीत कडेला उभं राहून पाहा. नुसत्या वेदनेवर चालणारं हत्यार ज्या माणसासाठी घेतलं, त्याच माणसावर सगळ्यात कमी चालतं.

खरा निकाल मात्र ताईच्या अंगणात लागला. भाचीचा धाकटा भाऊ कॉलेजात कबड्डी खेळतो. टॉर्चचा सेफ्टी स्विच बंद केला, वर टोकांवर चिकटपट्टी गुंडाळली, आणि त्याला सांगितलं की तू कधी समोरून, कधी मागून ये. तिने टॉर्च काढून त्याच्या अंगाला टेकवायची आणि आकडे मोजत तीन सेकंद टेकवून ठेवायची. दुकानदारही म्हणाला होता की तीन-चार सेकंद धरावी लागते.

पहिली अडचण पर्सची. टॉर्च डब्याखाली, चार्जरच्या वायरीत अडकलेली. ती हातात ठेवून सुरुवात केली तर दुसरी अडचण. बाजूला सरकवायचा सेफ्टी स्विच, मग दाबून धरायचं बटण, आणि शेजारीच तसंच दुसरं बटण, ते उजेडाचं. घाईत तिने बहुतेक वेळा उजेडच पाडला. भाऊ मात्र हसून राहिला. तिसरी अडचण सगळ्यात मोठी. टेकवायचं म्हणजे हाताच्या अंतरात यायचं, आणि हाताच्या अंतरात आलं की समोरच्याचाही हात पोहोचतो. मनगट धरलं की खेळ संपला. तीन सेकंद तर सोडाच, एकही मोजून झाला नाही. एकदा त्याने मनगट पिळून टॉर्चच काढून घेतली अन् तिच्याकडे रोखून म्हणाला, "आता?"

ताई ओट्यावरून म्हणाली, "मग काय कामाचं हे डबडं!"

काही स्टन गनना, म्हणजे अंगाला टेकवून झटका देणाऱ्या असल्याच यंत्रांना, मनगटात अडकवायची दोरी असते आणि दोरीच्या टोकाला पिन. कोणी गन हिसकली की पिन निघते आणि ती बंद पडते. ही सोय कामाची आहे. या टॉर्चला दोरी आहे, पिन नाही. दोरी नुसती शोभेची, वर हिसकताना मनगटाला आणखी काच बसतो तो वेगळाच. घ्यायचीच असेल तर निदान पिनवाली शोधा.

आता चांगलं बोलतो, कारण चांगलंही आहे. हिचा आवाज. चार्ज पूर्ण असेल तेव्हा बटण दाबताच एकसलग कडकडाट होतो, गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जातो, आणि अंधारात निळी ठिणगी दिसते. भाचीच्या गल्लीच्या तोंडाशी कचऱ्याचा ढीग आहे. तिथली पाच-सात कुत्री रोज गाडीमागे धावतात. आपल्या नागपुरात रात्री दुचाकी चालवणाऱ्या बाईला गुंड कधीमधी भेटेल, कुत्री रोज भेटतात, आणि त्यांना चुकवताना गाडी घसरून पडणाऱ्यांची संख्या कमी नसावी. पहिल्याच रात्री तिने गाडी थांबवली, पाय टेकवले, टॉर्च जमिनीकडे धरून क्षणभर बटण दाबलं. कुत्री जागच्या जागी थांबली, मग शेपूट पायात घालून प्लॉटमध्ये. आता तर ती टॉर्च बाहेर काढते तेवढ्यानेच वाट मोकळी होते. कुत्र्याला टेकवायची गरज नाही, टेकवूही नका. एक तर मुकं जनावर, दुसरं म्हणजे टेकवण्याइतकं जवळ गेलं तर ते चावणार. आणि चावलंच तर टॉर्च, हळद, चुना सगळं बाजूला ठेवून जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची आणि मेडिकल नाहीतर मेयो हे सरकारी रुग्णालय गाठून इंजेक्शन सुरू करायचं.

आवाजाचा हाच गुण माणसावरही थोडा चालतो. लांबून कोणी मागे मागे येत असेल, टवाळी करत असेल, त्याला ठिणगी दिसली तर तो विचार बदलू शकतो. बदलला नाही तर मात्र तुमच्या हातात जे उरतं ते वर सांगितलंच. आणि ठिणगी पाहून एखादा चिडला तर त्याचा हिशोब कोण करणार?

टॉर्च उघडली तेव्हा आत काय निघालं तेही लिहितो. निकेल-कॅडमियमचे चार बारके सेल, सगळे मिळून 4.8 व्होल्ट. त्यापुढे काळ्या इपॉक्सीत बुडवलेलं हाय व्होल्टेजचं मॉड्यूल, ते उघडता येत नाही, बिघडलं की फेकायचं. सोल्डरिंग बरं होतं, उगाच नावं ठेवत नाही. डोक्याला हात लावला तो चार्जिंगची बाजू पाहून. मागून दोन पिना बाहेर येतात, त्या सरळ घरच्या सॉकेटात. आत ट्रान्सफॉर्मर नाही, व्होल्टेज पाडणारा एक ड्रॉपर कॅपेसिटर आणि एसीचं डीसी करणारा ब्रिज, बस. म्हणजे चार्जिंग सुरू असताना आतलं सर्किट 230 व्होल्टच्या लाइनपासून वेगळं झालेलंच नसतं. पुढच्या धातूच्या कड्याला कुठे लीकेज मिळालं तर जो झटका बसेल तो गुंडाला नाही, घरच्यांना बसेल, आणि तो खरा असेल. माझ्या मते या वस्तूतला सगळ्यात धोकादायक करंट हाच आहे.

कायद्याचंही पाहून घ्या. आमच्याकडे एक वकीलसाहेब इन्व्हर्टरच्या पाण्यासाठी येतात. त्यांना टॉर्च दाखवली तर म्हणाले, ही विनापरवाना बाळगणं शस्त्र कायद्यात अडकू शकतं, बिल नाही म्हणजे कुठून आली तेही सांगता येणार नाही, आणि वर 'पोलीस' छापलेलं, ते तर उगाच आणखी प्रश्न ओढवून घेणं. स्वसंरक्षणाचा हक्क कायद्याने दिलेलाच आहे. आधी तो दंड विधानाच्या कलम 96 ते 106 मध्ये होता, 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेच्या 34 ते 44 मध्ये आहे. पण बचावापुरतं जेवढं लागतं तेवढंच बळ, ही अट तिथेही आहे. पडलेल्या माणसाला रागाने पुन्हा पुन्हा लावत बसलं तर तो बचाव राहत नाही. विमानात केबिनमध्ये तर ही चालतच नाही, सोनेगाव विमानतळावर पिशवी स्कॅनरमध्ये गेली की बाहेर काढतील.

मग भाचीच्या पर्समध्ये काय ठेवलं? मिरचीचा स्प्रे. किंमत निम्म्याहून कमी, परवाना लागत नाही, आणि मुख्य म्हणजे सहा-आठ फुटांवरून मारता येतो. हात पोहोचायच्या आधी. डोळे मिटले जातात, ते दारू प्यायलेल्याचेही मिटतात, जॅकेट मध्ये येत नाही. त्याच्याही खोडी आहेत. वाऱ्याच्या उलट मारला तर आपल्याच तोंडावर, बंद ऑटोत मारला तर दोघांचेही हाल, आणि डब्यावर एक्सपायरी असते ती पाहावी. सरावासाठी आणलेली एक बाटली अंगणात वाऱ्याच्या दिशेने कागदावर मारून पाहिली, तेव्हा फवारा किती लांब जातो ते तिला कळलं. डिकीत मात्र ठेवू नका. मे महिन्यात इथे पारा पंचेचाळीसच्या वर जातो, उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत दाबाचा डबा ठेवणं शहाणपणाचं नाही. स्प्रे पर्सच्या बाहेरच्या कप्प्यात, एकटाच, दुसरं काही नाही.

बाकी 112 स्पीड डायलवर, 1091 ही महिला हेल्पलाइन शेजारी. गाडीचा हॉर्न दुरुस्त करून दिला, तो गेले कित्येक महिने घोगरा झाला होता आणि कोणाचं लक्ष नव्हतं. खांबावरच्या दिव्यासाठी तक्रार टाकली आहे, बाप्पा, पाहू कधी लागतो ते. टॉर्चही तिच्याकडेच आहे, गाडीच्या हुकला अडकवलेली, फक्त कुत्र्यांसाठी असं बजावून. वकीलसाहेबांचं म्हणणंही सांगितलंय. ती म्हणाली, "मामा, कुत्र्यांना परवाना दाखवावा लागतो का?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

ज्यांनी आधीच घेतली आहे त्यांनी एवढं पाळा. बटण क्षणभरच दाबा, हौस म्हणून लांबवर दाबून धरलं तर मॉड्यूल तापून मरतं. कडकडाट तुटक होऊन टक, टक असा ऐकू यायला लागला की चार्ज संपत आलाय. हे सेल नुसते पडून राहिले तरी उतरतात, त्यामुळे दर पंधरवड्याला लावा. चार्जिंग दिवसा, आपण समोर असताना, पोरांच्या हाताला लागणार नाही अशा जागी, आणि पिना सॉकेटातून काढल्याशिवाय पुढच्या कड्याला बोट लावायचं नाही. पावसात भिजली तर पूर्ण सुकेपर्यंत दाबू नका, ओल्या प्लास्टिकवरून ठिणगी आपल्याच बोटांकडे सरकते. सेल मेले की कचऱ्याच्या गाडीत टाकू नका, कॅडमियम विषारी असतं. जवळच्या बॅटरीवाल्याकडे द्या, आमच्या जुन्या मालासोबत ते पुढे जातात.